मोठा खेळाडू चांगला मॅनेजर होतो का? (निमित्त: सादाहारु ओ)

फुकुओकाकर
मंडळी, नमस्कार. गेली तीन वर्षं पोटापाण्यासाठी फुकुओकात आहे. क्रिकेटवर पोसलेला माणूस. बेसबॉल बघायला लागलो तो नाइलाजाने, पण आता संध्याकाळी मॅच नसली की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मागच्या आठवड्यात सकाळी बसथांब्यावर आमचे घरमालक आजोबा भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पाऊस नुकताच थांबलेला, हातात मिटलेली छत्री. बोलता बोलता मी 'ओ-सान' हे नाव काढलं मात्र, आजोबांनी छत्री दोन्ही हातांत उभी धरली, उजवा पाय गुडघ्यात मुडपून पोटाशी घेतला आणि डाव्या पायावर बगळ्यासारखे उभे राहिले. समोर बस येऊन उभी, तरी पाय खाली नाही. मग झोकात छत्री फिरवली, चार थेंब माझ्या चष्म्यावर उडवले आणि काही घडलंच नाही अशा थाटात बसमध्ये चढले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सादाहारु ओ, जन्म १९४०, तोक्यो. एका पायावर उभं राहून बॅटिंग करणारे बेसबॉलपटू, आजोबांची नक्कल त्यांचीच. १९५९ ते १९८० एकाच संघाकडून, योमिउरी जायंट्सकडून खेळले. कारकिर्दीत ८६८ होमरन (चेंडू थेट प्रेक्षकांत, आपला षटकारच म्हणा). सलग १३ वर्षं धरून एकूण १५ वेळा लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्यांचे. १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जायंट्स जपानचे विजेते, आणि त्या संघाचे दोन खांब म्हणजे ओ आणि नागाशिमा.

हे झालं खेळाडूचं. पुढे १९८४ ते १९८८ ते जायंट्सचे मॅनेजर झाले. पाच वर्षांत लीग एकदाच जिंकली, १९८७ला, आणि जपान सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत, सेइबूकडून हरले. पद गेलं. सहा वर्षं घरी. मग १९९५ला आमच्या फुकुओकाच्या हॉक्सकडे आले, तोवर हा संघ म्हणजे तळाचा कायमचा रहिवासी. पुढच्याच वर्षी ओसाकात प्रेक्षकांनी त्यांच्या बसवर अंडी फेकली. आणि त्याच माणसाने १९९९ आणि २००३ला हॉक्सला जपान सिरीज जिंकून दिली, २००६ला जपानला पहिल्यावहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचं विजेतेपद.

तर प्रश्न असा. ज्याला स्वतःला सगळं जमायचं, तो न जमणाऱ्यांना शिकवू शकतो का? की ओ-सान हा अपवाद?

पावशेर
पहिला! बाकी वाचून सांगतो.

ठसका
नाव फारच सोयीचं आहे. हाक मारली की ओ.

खवचट_काकू
@ठसका, आमच्या ह्यांना तीस वर्षं हाका मारतेय, अजून एकदाही ओ नाही. ८६८ तर लांबच राहिले.

पावशेर
वाचलं. एक शंका. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे विमानतळावर किटबॅगा मोजणारा माणूस. त्याने सिरीज जिंकून दिली म्हणजे नक्की काय केलं?

फुकुओकाकर
@पावशेर, बेसबॉलचा मॅनेजर, जपानीत 'कांतोकु', म्हणजे आपला कोच आणि मैदानातला कर्णधार एकाच गणवेशात. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने, पिचर (चेंडू टाकणारा) कधी काढायचा, धावणाऱ्याने कधी बेस चोरायचा, सगळे इशारे डगआउटमधून (मैदानालगतच्या संघाच्या बाकांवरून) त्याचे. जिंकलं तर खेळाडूंचं कौतुक, हरलं तर कांतोकुच्या नावाने शंख.

निळी_छत्री
मी जळगावची. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे या धाग्यावर उडी मारणं भागच होतं.

ते एका पायावर उभं राहणं दिखाऊ नव्हतं. चेंडू पिचरच्या हातातून सुटून बॅटपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. बॅटरची खोड अशी की वजन आधीच पुढच्या पायावर टाकून बसतो, मग खांदे उघडतात आणि बॅट एकटीच फिरते. ओंचा नेमका हाच घोळ होता. पुढचा पाय हवेतच असला तर वजन मागच्या पायावर थांबवावंच लागतं. पाय टेकला की सगळं अंग एकदम चेंडूत.

सांगायला सोपं. आमच्या सरांनी एकदा करून बघायला सांगितलं होतं. मी पाय उचलला, चेंडू आला, गेला, आणि मी पिचरकडे पाठ करून बसले होते. अख्ख्या संघाने टाळ्या वाजवल्या.

गोदाकाठ
ताई, दंडवत.

माझ्याकडून थोडी भर. जपानी भाषा शिकवतो, त्यामुळे वाचनात आलेलं. ओ जायंट्समध्ये आले ते पिचर म्हणून नाव कमावून. शाळेच्या संघाला १९५७ची वसंत ऋतूतली कोशिएन, म्हणजे शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकून दिलेली. जायंट्सनी त्यांना बॅटर केलं आणि पहिल्या वर्षी सरासरी .१६१ (म्हणजे शंभरात सोळाच हिट), होमरन ७. त्यांच्या नावाचं अक्षर म्हणजे 'राजा'. जपानीत स्ट्राइकआउटला (बॅटर तीन स्ट्राइकवर बाद होण्याला) 'सानशिन' म्हणतात. मग प्रेक्षक ओरडायचे, राजा आहे खरा, पण सानशिनचा राजा!

तीन वर्षं असंच. १९६२ला हिरोशी आराकावा फलंदाजीचे कोच म्हणून आले. आणि गंमत म्हणजे या दोघांची भेट आधीच झालेली होती. ओ शाळकरी असताना सुमिदाच्या एका मैदानात खेळत होते, आराकावा तेव्हा स्वतः व्यावसायिक खेळाडू, कुत्र्याला फिरवायला निघालेले. पोरगा चेंडू डाव्या हाताने टाकतो आणि बॅटिंग उजव्या हाताने करतो हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, डाव्याने मारून बघ. पोराने मारला तो खणखणीत दुहेरी बेसचा फटका.

कोच झाल्यावर आराकावांनी रोज रात्री घरी बोलावून सराव घेतला. छताला कागदाची पट्टी टांगायची आणि खऱ्या तलवारीने कापायची. कागद हलका, नुसत्या जोराने कापायला गेलं तर बाजूला सरकतो. कोन आणि वेळ दोन्ही साधलं तरच पट्टी तुटते. आराकावा आयकिदो ही जपानी युद्धकला शिकत होते, तिथलं डोकं त्यांनी बॅटिंगला लावलं. १ जुलै १९६२ला ओ पहिल्यांदा एका पायावर उभे राहिले आणि त्याच दिवशी होमरन मारला. वर्षअखेर ३८, लीगमध्ये सर्वाधिक.

पावशेर
म्हणजे खरा हिरो तो कुत्रा. त्याला फिरायचं नसतं तर?

बेसबॉलवेडा
न्यू जर्सीहून लिहितोय, त्यामुळे इथला चष्मा आहे हे आधीच मान्य. ८६८ हा आकडा इथे कुणी फारसा धरत नाही. जायंट्सचं कोराकुएन मैदान छोटं, पिचिंग अमेरिकेतल्या मेजर लीगच्या तोडीचं नाही. इथल्या हँक आरनच्या ७५५ होमरनशी तुलना म्हणजे रणजीच्या धावा कसोटीत मोजण्यासारखं झालं.

निळी_छत्री
@बेसबॉलवेडा, मैदान छोटं होतं हे खरं. पण ते इतर सगळ्यांनाही तेवढंच छोटं होतं ना? त्यांच्यातल्या कुणी ७०० तरी मारले का? शिवाय जपानचा मोसम १३०-१४० सामन्यांचा, तुमचा १६२चा. ओ २,८३१ सामने खेळले, आरन ३,२९८.

आणि १९६४ला हिरोशिमाच्या संघाने त्यांच्यासाठी सहा क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अर्ध्यात उभे केले होते. डावीकडे हलकेच ढकलला असता तरी फुकटचा बेस मिळाला असता. हा माणूस तरीही उजवीकडेच मारत राहिला. त्या वर्षी ५५ होमरन, एका मोसमातला तेव्हाचा जपानचा विक्रम.

बेसबॉलवेडा
आरन स्वतः त्यांना मानायचे, तेवढं कबूल. १९७४ला दोघांची कोराकुएनला होमरनची समोरासमोर स्पर्धा झाली होती, आरननी १०-९ अशी जिंकली. पुढे दोघांनी मिळून जगभरच्या मुलांसाठी बेसबॉलचे मेळावे चालवले.

पण धागा मॅनेजरवर आहे ना? मग त्या ५५च्या आकड्याचंच बोलू. १९८५, रँडी बास नावाचा अमेरिकन हानशिनकडून ५४ होमरनवर पोचलेला. शेवटच्या सामन्यात समोर जायंट्स, मॅनेजर कोण, तर ओ. बासला चार वेळा चेंडू मारताच येणार नाही असे लांब टाकून फुकट बेस दिला. एकदा त्याने वैतागून हात लांब करून बाहेरचा चेंडू मारला, तेवढाच काय तो हिट. २००१ला टफी रोड्स ५५वर बरोबरीत. समोर हॉक्स, मॅनेजर पुन्हा ओ. पुन्हा तेच. २००२ला अलेक्स काब्रेराही ५५लाच अडकला. स्वतःच्या विक्रमावर राखण करत बसलेला मॅनेजर मोठा कसा?

ठसका
आता रंगला फड. शेंगदाणे घेऊन बसलोय.

फुकुओकाकर
@बेसबॉलवेडा, मुद्दा कडू आहे पण टाळता येत नाही. एवढंच सांगतो, १९८५ला आपण तसा हुकूम दिला नव्हता असं ओंचं म्हणणं. त्या वेळी जायंट्सकडे असलेल्या एका अमेरिकन पिचरने नंतर सांगितलं की बासला स्ट्राइक, म्हणजे मारता येईल असा चेंडू, टाकला तर दंड, अशी तंबी एका कोचने दिली होती. २००१लाही कोचनेच तोंड उघडलं, ओंचा विक्रम परदेशी माणसाने मोडलेला बघवणार नाही अशा अर्थाचं. लीगच्या कमिशनरनी तेव्हा खडसावलंसुद्धा.

बेसबॉलवेडा
कोचने केलं, मॅनेजरला पत्ता नाही? वर तूच लिहिलंयस, सगळे इशारे डगआउटमधून त्याचे. मग हा इशाराही त्याचाच. किंवा त्याने डोळे मिटले. दोन्हींत काय फरक?

फुकुओकाकर
इथे माझ्याकडे उत्तर नाही. 'थांबवा' असा एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं, हे मलाही वाटतं.

गोदाकाठ
या भांडणातली सगळ्यात मोठी विसंगती कुणी बोललंच नाही. 'परदेशी माणसाने विक्रम मोडू नये' म्हणून ज्यांचा विक्रम जपला, ते ओ स्वतः कागदोपत्री जपानी नाहीत!

वडील चीनमधून आलेले, आई जपानी. वडिलांचं तोक्योत चिनी खाणावळीचं दुकान होतं. ओंचा पासपोर्ट तैवानचा, आजतागायत. १९५७ला कोशिएन जिंकून दिल्यानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात खेळता आलं नाही, कारण नागरिकत्व. संघ गेला आणि ज्याच्या जिवावर जिंकले तो मागे. १९७७च्या ३ सप्टेंबरला त्यांनी ७५६वा होमरन मारून आरनना मागे टाकलं, तेव्हा सरकारने 'राष्ट्रीय सन्मान पुरस्कार' नव्याने काढला आणि पहिला त्यांना दिला. २००६ला छातीवर जपानचं नाव लावून जो संघ जग जिंकला, त्याचाही मॅनेजर तैवानच्या पासपोर्टचा.

विक्रम शेवटी २०१३ला मोडला तो बालेंतीनने, ६० मारून. क्युरासाओ बेटावरचा माणूस. काही आभाळ कोसळलं नाही. २०२२ला मुराकामीने मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी ५६वा मारला, तेव्हा ओंच्या पुढे जाणारा पहिला जपानी म्हणून पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. 'पहिला जपानी' हे शब्द मी दोनदा वाचले.

खवचट_काकू
पहिल्यांदाच या धाग्यावर काही बोलावंसं वाटत नाहीये. छान लिहिलंस रे.

शिवाजीपार्क_१९७१
उशिरा आलो. माझं वय साधारण त्या बसथांब्यावरच्या आजोबांएवढं समजा, त्यामुळे लांबण लागणार.

जायंट्सची नऊ वर्षं वाचून मला आपली मुंबई आठवली. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ रणजी. जायंट्सचा शेवटचा १९७३, आपलाही १९७३. १९७४ला त्यांना चुनिची संघाने खाली ओढलं, आपल्याला कर्नाटकाने उपांत्य फेरीत. त्या दिवशी आमच्या आळीत रेडिओ बंद केल्यावर कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

आता प्रश्नाकडे. आपल्याकडचे ओ म्हणजे आमचे अजित वाडेकर. १९७१ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकली तेव्हा मिरवणूक काढली, आणि १९७४ला इंग्लंडमध्ये ०-३ हरल्यावर त्याच माणसाच्या घरावर दगड. इंदूरला विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या बॅटला डांबर फासलं. वाडेकर निमूटपणे निवृत्त झाले, बँकेत नोकरी केली. आणि १९९०च्या दशकात परत आले ते भारतीय संघाचे मॅनेजर म्हणून. @पावशेर, किटबॅगा मोजायला नव्हे. १९९३ला इंग्लंडला इथे ३-० धुतलं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

माझं मत असं की अंडी किंवा दगड खाल्लेला माणूस चांगला मॅनेजर होतो. नुसता विक्रमी खेळाडू होत नाही.

पावशेर
काका, मान्य. पण मग त्या हिशोबाने आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एव्हाना जगज्जेते व्हायला हवे होते.

निळी_छत्री
लोल. पण काकांशी अर्धीच सहमत. नुसती अंडी खाऊन भागत नाही, काहीतरी बदलावंही लागतं. जायंट्सच्या वेळी ओंवर टीका व्हायची की पिचर बदलण्याचा त्यांना भारी सोस. कातोरी नावाच्या पिचरला इतक्यांदा बोलवायचे की 'पिचर, कातोरी' हे वाक्यच विनोद झालं होतं. हॉक्सला काय वेगळं केलं, हे फुकुओकाकर सांगतील का?

फुकुओकाकर
इथल्या म्हाताऱ्या मंडळींकडून ऐकलेलं आणि वाचलेलं सांगतो.

हॉक्स मूळचा ओसाकाचा, नानकाई हॉक्स. १९८८ला दाइएइ सुपरमार्केटवाल्यांनी विकत घेतला आणि फुकुओकाला आणला. १९७८पासून सलग वीस मोसम हा संघ लीगच्या खालच्या अर्ध्यात. ड्रेसिंग रूममध्ये हरण्याची सवय झालेली. त्यात तोक्योच्या श्रीमंत संघातला देव आला. पहिल्या वर्षी पाचवे, दुसऱ्या वर्षी शेवटचे.

९ मे १९९६, ओसाकाचं निस्सेइ मैदान. जुन्या हॉक्सवर जीव लावलेले ओसाकाचे प्रेक्षक चिडलेले. सामना हरल्यावर बस अडवली आणि अंड्यांचा मारा. काचांवरून पिवळा बलक ओघळतोय आणि आत खेळाडू मान खाली घालून बसलेले. ओ समोर बघत ताठ बसून राहिले म्हणतात. नंतर खेळाडूंना त्यांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा की अंडी फेकणारे हेच खरे चाहते, त्यांना आपलं काहीतरी पडलं आहे, आपल्याकडे उत्तर एकच, जिंकणं. हे त्या बसमधल्या खेळाडूंनीच पुढे सांगितलंय.

आणि बदल म्हणाल तर धीर. मालकांनी काढलं नाही आणि यांनी पोरांना काढलं नाही. कोकुबो, जोजिमा, मात्सुनाका, इगुची, सगळे त्या काळात घडले. १९९८ला संघ तिसऱ्या क्रमांकावर, १९९९ला विजेता. ओंना फुकुओकात आणणारे नेमोतो त्याच एप्रिलमध्ये वारले, त्यांना काही बघायला मिळालं नाही. २०००ला अंतिम सामन्यांत समोर नागाशिमांचे जायंट्स, सगळा जपान टीव्हीसमोर. हॉक्सनी पहिले दोन जिंकले आणि पुढचे चार हरले!

बेसबॉलवेडा
नागाशिमांवरून आठवलं. मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी, १९७५ला, त्यांचे जायंट्स तळाला गेले होते. म्हणजे ओंच्या आधी तोच रस्ता दुसऱ्या खांबानेही तुडवलेला. काकांच्या मुद्द्याला पुष्टी. माझा ५५चा आक्षेप मात्र कायम, लिहून ठेवा.

२००६चं श्रेय नक्की द्यायला हवं. कोरियाकडून दोनदा हरले, अमेरिकेविरुद्ध एका वादग्रस्त निर्णयाने धाव रद्द झाली, तरी मेक्सिकोने अमेरिकेला हरवलं म्हणून गणितात उपांत्य फेरीत घुसले. मग कोरियाला ६-० आणि क्युबाला १०-६.

ठसका
म्हणजे नेट रनरेटची भानगड तिकडेही आहे! आता मला हा खेळ आपला वाटायला लागला.

गोदाकाठ
आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. अख्खं जठर काढलं. पत्नीही २००१ला त्याच आजाराने गेलेली. पुढच्या मोसमात हा माणूस परत डगआउटमध्ये उभा. २००८ला संघ शेवटचा आला आणि मग गणवेश उतरवला.

निळी_छत्री
जठर नसताना रोज तीन-चार तास डगआउटमध्ये. हे वाचून मी आजची सुट्टी रद्द केली.

शिवाजीपार्क_१९७१
फुकुओकाकर, त्या आजोबांना विचारा ना आमच्या वतीने. खेळाडू मोठा की मॅनेजर?

फुकुओकाकर
विचारलं! काल भाडं द्यायला गेलो तेव्हा. चहा झाला, सेनबेई (तांदळाची कुरकुरीत बिस्किटं) झाली. आजोबा मूळचे ओसाकाचे, लहानपणापासून नानकाईचे कट्टर. म्हणाले, खेळाडू म्हणून ओ मला कधीच आवडला नाही, जायंट्सचा ना तो, आमच्या वैऱ्यांचा. टीव्हीसमोर एका पायावर उभं राहायचो ते त्याची टिंगल करायला. पुढे सवयच लागली.

मग आवाज बारीक करून म्हणाले, १९९६ला त्या निस्सेइ मैदानाबाहेर मीही होतो. घरून अंडी घेऊन गेलो होतो, दहाचा डबा. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही पण? तर म्हणाले, हात वर केला होता. पण बसच्या खिडकीत तो दिसला. सरळ समोर बघत बसलेला. फेकवलं नाही. डबा घेऊन परत आलो.

मी विचारलं, मग मॅनेजर मोठा? आजोबांनी उत्तर न देता माझ्या पावतीवर शिक्का मारला. आतून आजी ओरडल्या, खोटं बोलतोय, डब्यात आठच होती!

खवचट_काकू
दोनाचा हिशोब कधी लागला की कळव. इथे सगळे जागे आहोत.